ज्या रुळावरून आता गाडी सुटत नाही

बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड स्थानकावरील स्मृतिकलेची ओळख

रेल्वे स्थानक आपल्यापैकी कोणाला नवे आहे? आमच्या वाचकांत गँगमन आहेत, खलाशी आहेत, कारशेडमध्ये रात्रपाळी करणारे बांधव आहेत. पहाटेची लोकल पकडून कामाला जाणाऱ्या माताभगिनी तर घरोघरी आहेत. फलाट, रूळ, खडी, स्लीपर, सिग्नल हे शब्द आपल्या घरातली लहान मुलेही जाणतात. म्हणूनच आज आम्ही आपल्याला एका परक्या देशातील स्थानकावर घेऊन जाणार आहोत. या स्थानकावर एक फलाट असा आहे की, तेथे कोणी गाडीची वाट पाहत नाही. लोक तेथे जातात, काठाशी उभे राहतात, मान खाली घालून वाचतात आणि न बोलता परत फिरतात.

हे स्थानक जर्मनीची राजधानी बर्लिन येथे आहे. त्याचे नाव ग्रुनेवाल्ड. आणि त्या फलाटालगतच्या रुळाचा क्रमांक आहे १७.

कलाकृती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चित्रांचे दालन येते, नाही तर चौकातला पुतळा. चित्र एका भिंतीवरून काढून दुसऱ्या भिंतीवर लावता येते. पुतळाही हलवता येतो. परंतु अलीकडच्या काळात कलावंतांनी आणखी एक प्रकार पुढे आणला आहे. ज्या जागेवर एखादी गोष्ट घडली, त्याच जागेसाठी, तिथलीच माती, भिंत, लोखंड, झाडे वापरून कलाकृती करायची. तेथून ती उचलली तर तिचा अर्थच संपतो. तिला स्थळनिष्ठ कला म्हणता येईल. ग्रुनेवाल्डचा फलाट हा तिचा फार मोठा नमुना आहे.

स्थानक कसे होते?

बर्लिनच्या पश्चिम टोकाला मोठे जंगल आहे. त्याच्या कडेला १८७९ साली हे स्थानक सुरू झाले. पुढे १८८४ मध्ये त्याला ग्रुनेवाल्ड हे नाव मिळाले. आसपास श्रीमंतांचे बंगले उभे राहिले. सुटीच्या दिवशी बर्लिनचे कामगार बायकामुलांना घेऊन, शिदोरी बांधून जंगलात हवा खायला येत ते याच भागात. स्थानकाची दर्शनी इमारत एखाद्या जुन्या गढीच्या दरवाजासारखी आहे. ती आजही तशीच उभी आहे आणि तिच्या आतील भुयारी वाटेने आजही प्रवासी लोकल गाड्यांकडे जातात.

याच वस्तीत जर्मनीचे परराष्ट्रमंत्री वाल्टर राथेनाऊ राहत होते. ते ज्यू होते. २४ जून १९२२ रोजी त्यांच्या घराजवळच, उघड्या मोटारीतून जात असताना, जातीय द्वेषाने पेटलेल्या तरुणांनी त्यांची हत्या केली. हिटलर सत्तेवर यायला तेव्हा अकरा वर्षे अवकाश होता. विष अगोदरच पेरले गेले होते, हे यावरून दिसते.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला तेव्हा बर्लिनमध्ये सुमारे १ लाख ६० हजार ज्यू राहत होते. त्यांत डॉक्टर होते, वकील होते, शिंपी होते, दुकानदार होते, कारखान्यातले मजूर होते. पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढलेले सैनिकही होते. त्यांना एकदम गाडीत घालण्यात आले नाही. आधी त्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला गेला. मग सरकारी नोकऱ्या गेल्या. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले आणि इतर जर्मनांशी विवाह करण्यास बंदी घातली. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांची प्रार्थनामंदिरे जाळली गेली. सप्टेंबर १९४१ पासून कपड्यांवर पिवळा तारा शिवून घेतल्याशिवाय घराबाहेर पडायला बंदी झाली. ज्यांना शक्य झाले ते देश सोडून गेले. ज्यांच्याकडे पैसा नव्हता, ज्यांना कोणता देश घेईना, जे म्हातारे होते, ते मागे राहिले.

१८ ऑक्टोबर १९४१

लोकांना नोटिसा आल्या. त्यांच्याकडून १६ पानी फॉर्म भरून घेण्यात आले. घरात कपाटे किती, खुर्च्या किती, चादरी किती, सगळे त्यात लिहायचे. सरकारला मागे राहणारी मालमत्ता ताब्यात घ्यायची होती. मोआबिट भागातील लेव्हेत्सो रस्त्यावरच्या प्रार्थनामंदिरातच त्यांना कोंडून ठेवण्यात आले. जिथे सणाला जायचे, तीच जागा तुरुंग झाली.

१८ ऑक्टोबर १९४१ रोजी तेथून लोकांची रांग निघाली. पाऊस पडत होता. हातात बोचकी, कडेवर मुले. ग्रुनेवाल्ड स्थानक तेथून काही किलोमीटर दूर. आजारी माणसांना आणि लहानग्यांना ट्रकमधून नेले, बाकीचे चालत गेले. दिवसाढवळ्या, राजधानीच्या रस्त्यांवरून ही रांग गेली. खिडक्यांतून लोकांनी ती पाहिली. एक हजाराहून अधिक माणसे घेऊन पहिली गाडी पोलंडमधल्या लोड्झ शहराकडे सुटली. तेथे आधीच कोंडलेल्या ज्यूंची उपासमार चालू होती.

त्यानंतर गाड्या सुटतच राहिल्या. पहिल्या काही गाड्या तिसऱ्या वर्गाच्या साध्या डब्यांच्या होत्या, पुढे मालगाडीचे डबे आले. नोव्हेंबर १९४१ मध्ये कौनासला नेलेल्यांना तेथील किल्ल्यात गोळ्या घालण्यात आल्या. त्याच महिन्यात रिगाला गेलेल्या गाडीतील सुमारे एक हजार माणसांना ३० नोव्हेंबर रोजी गाडीतून उतरताच रुंबुलाच्या जंगलात ठार केले गेले. पुढे मिन्स्क, वॉर्सा, थेरेझिनश्टाट आणि ऑश्विट्झ ही नावे आली. ग्रुनेवाल्डखेरीज मोआबिटचा मालधक्का आणि आनहाल्टर स्थानक येथूनही गाड्या सोडल्या गेल्या. एकट्या बर्लिन शहरातून ५० हजारांहून अधिक ज्यूंना असे नेण्यात आले. त्यातले फार थोडे परत आले.

भाडे कोणी घेतले?

येथे एक गोष्ट आम्हाला मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण रेल्वेत काम करणारा आमचा वाचक ती लगेच ओळखेल. गाडी आपोआप चालत नाही. तिला वेळापत्रक लागते, इंजिन लागते, ड्रायव्हर लागतो, गार्ड लागतो, सांधेवाला लागतो, हिशेबनीस लागतो. या गाड्यांनाही हे सगळे लागले. जर्मन रेल्वेने त्यांचे रीतसर वेळापत्रक केले आणि रीतसर भाडेही आकारले. मोठ्या माणसाला तिसऱ्या वर्गाच्या दराने किलोमीटरला ४ फेनिग. लहान मुलांना अर्धे भाडे. चार वर्षांखालील मूल फुकट. ४०० हून अधिक माणसे असली तर गटाची सवलत, म्हणजे निम्मा दर. ज्यूंचे भाडे एकेरी धरले जाई आणि पहारेकऱ्यांचे जाण्या-येण्याचे!

वाचकहो, या हिशेबात कुठेही शिवीगाळ नाही, रक्ताचा डाग नाही. साधा कारकुनी कागद आहे. हजारो माणसांनी आपापल्या टेबलावर आपापले काम चोख केले. कोणी विचारले नाही की, या प्रवाशांचे परतीचे तिकीट कुठे आहे? युद्धानंतर रेल्वेतील वरिष्ठ अधिकारी आल्बर्ट गान्त्सेनम्युलर याच्यावर खटला उभा राहायला १९७३ साल उजाडले. त्यालाही हृदयविकाराचा झटका आला, खटला थांबला आणि शिक्षा झालीच नाही.

विस्मृतीची वर्षे

१९४५ मध्ये युद्ध संपले. बर्लिनचे आणि जर्मनीचे दोन तुकडे झाले. रेल्वेही दोन झाल्या. ग्रुनेवाल्डच्या फलाटावरून लोकल गाड्या पूर्ववत धावू लागल्या. मालधक्क्याकडचा तो रूळ गवतात बुडाला. रुळांमध्ये झाडे उगवली. १९५३ साली एक पाटी लावण्यात आली, पण मोठ्या प्रमाणावर कोणी लक्ष दिले नाही. १९८५ मध्ये जर्मन रेल्वेला १५० वर्षे पूर्ण झाली. त्या समारंभाच्या वेळीही दोन्ही रेल्वेंच्या कारभाऱ्यांना आपल्या या इतिहासाकडे सरळ बघणे जड गेले.

मग पुढाकार कोणी घेतला? कोणा मंत्र्याने नव्हे. ग्रुनेवाल्डच्या स्थानिक चर्चमधील महिलांच्या एका गटाने. पहिली गाडी सुटल्याच्या दिवशी, १८ ऑक्टोबर १९८७ रोजी, त्यांनी रेल्वेचे जुने स्लीपर वापरून तेथे एक साधे स्मारक उभे केले. या महिला ज्यू नव्हत्या. आपल्या वस्तीतून, आपल्या डोळ्यांदेखत माणसे नेली गेली, ही लाज त्यांनी स्वतःची मानली. मोठ्या कामाची सुरुवात कित्येकदा अशी चार बायांच्या हातून होते.

पोकळ माणसांची भिंत

त्यानंतर पोलंडचे शिल्पकार कारोल ब्रोन्यातोव्हस्की यांचे काम उभे राहिले. १८ ऑक्टोबर १९९१ रोजी त्याचे अनावरण झाले. स्थानकाबाहेरून मालधक्क्याकडे जो चढाचा रस्ता जातो, त्याच्या कडेला सुमारे १८ मीटर लांबीची काँक्रीटची भिंत आहे. त्या भिंतीत माणसे चालताना दिसतात. पण नीट पाहिले तर तेथे माणसे नाहीत! माणसांच्या आकाराच्या पोकळ्या आहेत. जणू ओल्या काँक्रीटमधून माणसे चालत गेली आणि त्यांच्या जागा तेवढ्या रिकाम्या राहिल्या.

पुतळा म्हणजे माणूस येथे आहे असे सांगणे. ब्रोन्यातोव्हस्की यांनी उलटे केले. माणूस येथे नाही, हे त्यांनी दाखवले. या आकारांना चेहरे नाहीत, नावे नाहीत. आणि हाच तो रस्ता, ज्यावरून ती माणसे खरोखर चढून गेली. दुसऱ्या एखाद्या बागेत हीच भिंत उभारली असती तर ती चांगली शिल्पकृती ठरली असती. येथे ती साक्षीदार ठरते.

१८६ पट्ट्या

जर्मनी एक झाल्यावर १९९४ मध्ये दोन्ही रेल्वे मिळून दॉयचे बान ही एकच रेल्वे झाली. या नव्या रेल्वेने ठरवले की, आपल्या पूर्वसुरींनी जे केले त्याचे स्मारक आपणच आपल्या खर्चाने आणि आपल्याच जागेत उभारायचे. निकोलाउस हिर्श, वोल्फगांग लोर्श आणि आंद्रेआ वांडेल या तिघा वास्तुकारांची रचना निवडली गेली. २७ जानेवारी १९९८ रोजी ती खुली झाली. ऑश्विट्झची छावणी मुक्त झाली तो दिवसही २७ जानेवारीच, १९४५ सालचा.

या रचनेत उंच स्तंभ नाही, मशाल नाही, पुतळा नाही. रूळ क्रमांक १७ च्या दोन्ही बाजूंच्या फलाटांवर, सुमारे १३० मीटर लांबीपर्यंत, ओतीव पोलादाच्या १८६ पट्ट्या ओळीने बसवल्या आहेत. प्रत्येक पट्टी म्हणजे बर्लिनहून नेलेली एक तुकडी. तिच्या काठावर एवढेच कोरलेले आहे : तारीख, ज्यूंची संख्या, आणि कुठून कुठे. बस्स. एक विशेषण नाही. रेल्वेच्या वेळापत्रकात जशी नोंद असते तशीच ही नोंद. ज्या कोरड्या भाषेत गुन्हा केला गेला, त्याच कोरड्या भाषेत तो पोलादावर उमटवला आहे.

ही अक्षरे फलाटाच्या कडेला, रुळांच्या बाजूला आहेत. ती वाचायची तर काठाशी जावे लागते आणि मान झुकवावी लागते. एक पट्टी वाचून एक पाऊल पुढे, दुसरी वाचून आणखी एक पाऊल. वाचणारा नकळत फलाटाच्या टोकापर्यंत चालत जातो. काही पट्ट्यांवर हजाराच्या पुढचा आकडा, काहींवर शंभर, काहींवर त्याहूनही थोडी माणसे. सगळ्या पट्ट्या मात्र सारख्याच मापाच्या. कोणाची पट्टी लहान नाही.

शेवटच्या पट्टीपाशी मात्र पाय अडखळतात. तारीख २७ मार्च १९४५. संख्या १८. बर्लिन ते थेरेझिनश्टाट. तो काळ आठवा. बर्लिनवर बॉम्ब पडत होते. सोव्हिएत फौजा ओडर नदीपर्यंत, म्हणजे शहरापासून शंभर किलोमीटरच्याही आत आल्या होत्या. पाच आठवड्यांनी शहर पडणार होते. सैन्याला डबे मिळत नव्हते, जखमींना गाड्या मिळत नव्हत्या. तरीही १८ ज्यूंना नेण्यासाठी कोणीतरी कागद तयार केला, कोणीतरी सही केली, कोणीतरी सिग्नल दिला. द्वेषाला एकदा कचेरीची सवय लागली की, सर्वनाश दारात आला तरी तो आपली पाळी चुकवत नाही. हे हजार पानांच्या ग्रंथापेक्षा ती एक पट्टी अधिक स्पष्ट सांगते.

झाडेही साक्षीदार

या रचनेतली आणखी एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. रुळांमध्ये वर्षानुवर्षे जी झाडे उगवली होती, ती तोडली नाहीत. ती तशीच वाढू दिली आहेत. रुळाच्या मधोमध झाड वाढले म्हणजे त्यावरून आता कधीच गाडी जाणार नाही. शेजारच्या फलाटावर लोकल येते, दारे उघडतात, शाळकरी मुले चढतात उतरतात. तिचा आवाज येथपर्यंत येतो. १७ क्रमांकाच्या रुळावर मात्र फक्त पाने गळतात.

२०११ च्या सुमारास पोलंडचे तरुण कलावंत वुकाश सुरोविएत्स यांनी ऑश्विट्झ-बिर्केनाऊच्या परिसरातून बर्च जातीची ३२० रोपे बर्लिनमध्ये आणली. बिर्केनाऊ हे नावच मुळी या झाडावरून पडलेले आहे. त्यांतली काही रोपे ग्रुनेवाल्ड स्थानकासमोर लावली गेली. ज्या मातीत माणसांची राख मिसळली, त्या मातीत वाढलेली झाडे, ती माणसे जिथून नेली गेली तिथे परत आली. माणसे परत येऊ शकली नाहीत. निदान झाडे आली.

इतर स्थानकांवरही

ग्रुनेवाल्ड एकटे नाही. इटलीत मिलान शहराच्या मुख्य स्थानकाखाली टपालाचे डबे भरण्याची तळघरासारखी जागा आहे. तेथे ज्यूंना डब्यांत कोंबत आणि मग ते डबे लिफ्टने वर फलाटाच्या पातळीवर चढवत. वरच्या प्रवाशांना काही दिसत नसे. लिलियाना सेग्रे यांना ३० जानेवारी १९४४ रोजी, वयाच्या तेराव्या वर्षी, येथूनच वडिलांसह ऑश्विट्झला नेले गेले. त्या जगल्या. वडील परत आले नाहीत. पुढे तेथे स्मारक झाले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार दाराशी एका लांबलचक भिंतीवर एकच शब्द मोठ्या अक्षरांत कोरला गेला. त्याचा अर्थ, बेपर्वाई. मारणारे थोडे होते, पाहून न पाहिल्यासारखे करणारे फार होते, असे त्या भिंतीला सांगायचे आहे.

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकाबाहेर वेगळी आठवण आहे. १९३८-३९ मध्ये सुमारे १० हजार मुलांना, बहुतेक ज्यू, आईबापांपासून दूर करून इंग्लंडला आणले गेले आणि त्यांचे प्राण वाचले. त्यांपैकीच एक मुलगा, फ्रँक माइस्लर, पुढे शिल्पकार झाला. २००६ साली त्याने या स्थानकाबाहेर सुटकेस घेऊन उभ्या असलेल्या मुलांचे शिल्प घडवले. ज्या स्थानकावर तो स्वतः पोरका होऊन उतरला होता, तेथेच!

आपण काय घ्यावे?

आमच्या काही वाचकांना वाटेल, एवढ्या दूरच्या फलाटाची कथा आपल्या घरच्या पानांवर कशाला? आम्हाला असे वाटते की, ज्याला आपल्या माणसांच्या मानहानीची आठवण आहे, त्यालाच दुसऱ्याच्या दुःखाची भाषा चटकन कळते. आणि या स्थानकाने तीन साध्या गोष्टी शिकवल्या आहेत.

पहिली गोष्ट, तारीख आणि जागा लिहून ठेवावी. आठवण नुसती मनात राहिली तर माणसाबरोबर जाते. ग्रुनेवाल्डच्या पट्ट्यांवर भाषण नाही, फक्त नोंद आहे. म्हणूनच ती कोणाला खोडता येत नाही.

दुसरी गोष्ट, चूक ज्याने केली त्याने ती स्वतःच्या अंगणात मांडावी. जर्मन रेल्वेने उशीर केला, फार उशीर केला. पण अखेर तिने आपल्याच फलाटावर आपलाच गुन्हा कोरला. जगात अशी उदाहरणे कमी आहेत.

तिसरी गोष्ट कामाची. आपण कारकून असू, ड्रायव्हर असू, शिपाई असू. हातातला कागद कोणाचे काय करणार आहे, हे विचारण्याचा हक्क आणि जबाबदारी प्रत्येक कामगाराची आहे. मी फक्त माझे काम केले, एवढ्याने सुटका होत नाही. १८६ पट्ट्या हेच सांगत आहेत.

आजही दर वर्षी १८ ऑक्टोबरच्या सुमारास लोक ग्रुनेवाल्डला जमतात. कोणी पट्टीवर पांढरे गुलाब ठेवते, कोणी मेणबत्ती लावते. ज्यू लोकांच्या रीतीप्रमाणे कोणी एक लहानसा दगड ठेवून जाते. शाळेतल्या मुलांना शिक्षक घेऊन येतात. मुले आकडे वाचतात आणि प्रश्न विचारतात.

या आठवड्यात रात्रीच्या जेवणानंतर आपल्या मुलाबाळांना हा लेख वाचून दाखवा. आणि मग घरातल्या आजी-आजोबांना विचारा, ते गावाहून शहरात पहिल्यांदा आले ते कोणत्या साली, कोणत्या स्थानकावर उतरले, हातात काय होते, पहिल्या रात्री कुठे झोपले. मुलांना ते वहीत लिहून घ्यायला सांगा. तारीख, संख्या, कुठून कुठे. एवढे लिहिले तरी पुष्कळ झाले.